झाडांना अस्तराचे कोट

आत्यांची खिडकी हेच आत्यांचं दुकान. पाटी नाही, काउंटर नाही, गिऱ्हाइकाला टेकायला साधं स्टूलसुद्धा नाही. तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत दक्षिणेची मोठी खिडकी, खिडकीला चिकटून शिलाई मशीन, मशीनमागे आत्या आणि गजांपलीकडे गल्ली. येणाऱ्याजाणाऱ्याने कपडा गजांतून आत सरकवायचा आणि कुठे काय उसवलंय ते सांगायचं. तसं सांगायचीही गरज नसायची. माणूस गल्लीच्या तोंडाशी असतानाच त्याची कुठली शिवण सुटलीय ते आत्यांनी टिपलेलं असायचं, आणि तो पोचायच्या आत सुईत त्या रंगाचा दोरा ओवलेला असायचा.

घर भाच्याचं, खिडकी आत्यांची, असा न बोलता झालेला करार होता. भाच्याला घरात आणि गल्लीत सगळे पंच म्हणत. शाळेत असताना क्रिकेटमध्ये मुलं त्याला कायम पंच करायची आणि तो कुणालाच बाद द्यायचा नाही, उगाच कुणाचं मन मोडायला नको म्हणून. दांडी उडाली तरी बोट वर जायचं नाही. आता आत्या एका टोकाला आणि बायको दुसऱ्या टोकाला असताना त्याचा हा स्वभाव त्याला फार उपयोगी पडे. दोघींचंही बरोबर आहे असं म्हणून तो वर्तमानपत्रात तोंड घाली.

सून, म्हणजे पंचाची बायको, फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर दवाखान्यात आखडलेले गुडघे आणि धरलेले खांदे हलवायचे, ‘आजोबा, अजून एकदा’ म्हणत म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणायचं आणि संध्याकाळी घरी येऊन मागच्या गॅलरीत आपल्या झाडांपाशी बसायचं, असा तिचा क्रम. आजोबांशी ती जितकी कडक, तितकी झाडांशी लोण्याहून मऊ. गॅलरीत काय नव्हतं? अँथुरियम होतं, क्रोटन होते, जेड होतं, बुटके-उंच निवडुंग होते आणि सगळ्यांत लाडकं, फुगलेल्या बुंध्यामुळे पोट सुटलेल्या गृहस्थासारखं कुंडीत बसलेलं एक अडेनियम. ते तिने बीपासून वाढवलं होतं. पंचाला मूल झालं असतं तर त्याचे इतके फोटो निघाले नसते, असं आत्या म्हणत. तिच्यासमोर मात्र म्हणत नसत.

गेल्या हिवाळ्यात या गॅलरीत जे झालं, ते घरात कुणी मोठ्याने काढत नसे. त्या गावचा हिवाळा म्हणजे तसा नावापुरताच. दुपारी स्वेटर काढून हातात घ्यावा लागे. ‘आपल्याकडे कसली आलीय थंडी,’ असं सगळ्यांनी सुनेला सांगितलं, आणि तिलाही ते पटलं. मग कधीतरी पहाटे गार वारा सुटला, दोन-चार पहाटा तसाच राहिला आणि निघून गेला. तेवढ्यात क्रोटनने सगळी पानं टाकली, अँथुरियम काळं पडलं आणि एक जुना निवडुंग उभ्याउभ्या आतून नासला. कडाक्याची थंडी असती तर निदान सगळ्यांनी काळजी घेतली असती. या सौम्य थंडीनेच घात केला.

म्हणून यंदा हवेत जरा शिरशिरी आली तशी सुनेने जेवताना विषय काढला. बोलली नवऱ्याशी, पण बघत होती आत्यांकडे. सगळ्या घरात दिवसभर ऊन येणारी खिडकी एकच आहे, असं ती म्हणाली. मशीन हिवाळ्यापुरतं मधल्या खोलीत हलवलं, तर झाडं पुढे आणता येतील.

‘बरोबर आहे,’ पंच म्हणाला, आणि लगेच आत्यांकडे बघून म्हणाला, ‘तसं खिडकी ही आत्याचीच, तेही बरोबर आहे.’

मधल्या खोलीला खिडकी नव्हती. तिथे सुटकेसी होत्या, इस्त्रीचं टेबल होतं, पाहुण्यांसाठी घेतलेली आणि कधीच न उलगडलेली गादी होती. भरदुपारीही दिवा लावल्याशिवाय तिथे आपला हात आपल्याला दिसत नसे. बरं, नुसत्या उजेडाचा प्रश्न असता तर आत्यांनी जाड भिंगाचा चष्मा आणखी जाड करून घेतला असता. पण मधल्या खोलीत कुणी गजांतून कपडे टाकणार नव्हतं, कुणी हाक मारणार नव्हतं. खिडकीत होत्या तोवर त्या गल्लीच्या टेलरबाई होत्या. मधल्या खोलीत गेल्या, की भाच्याकडे राहणारी म्हातारी आत्या झाल्या. हे त्यांना अगदी लख्ख दिसलं. आणि हिवाळ्यापुरतं म्हणून हललेलं मशीन उन्हाळ्यात परत येत नाही, हेही त्यांना या वयात कुणी सांगायला नको होतं.

पण असलं काही बोलून दाखवतील तर त्या आत्या कसल्या. त्यांनी शांतपणे भात कालवला आणि म्हणाल्या, ‘थंडी वाजणाऱ्याला आपण कपडे घालतो. उचलून दुसऱ्याच्या जागेवर नेऊन बसवत नाही. मी कोट शिवते.’

‘कुणाला?’ पंचाने विचारलं.

‘तुझ्या बायकोच्या गोतावळ्याला.’

सून हसली. तिला ती थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून आली तेव्हा आत्या गळ्यात टेप अडकवून गॅलरीत उभ्या होत्या आणि एका निवडुंगाला सरळ उभं राहायला सांगत होत्या. बोटांना तीन ठिकाणी काटे लागले होते, तरी मापं पूर्ण झाली होती. तेव्हा मात्र सुनेने हात टेकले आणि काही अटी घातल्या. कापड पातळ हवं. शिलाई सैल हवी, आत हवा खेळली पाहिजे. कोट संध्याकाळी चढवायचे, सकाळी ऊन आलं की उतरवायचे. पाणी अगदी बेताचं, कारण थंडीत झाडं पीत नाहीत, आणि मुळाशी ओल राहिली तर थंडीपेक्षा ती ओलच जीव घेते.

आत्यांनी मान डोलावली. आयुष्यभर त्यांनी गिऱ्हाइकांचं सगळं असंच मान डोलावून ऐकलं होतं. गिऱ्हाईक कायम सैल शीव म्हणून सांगतं आणि ढगळ झालं म्हणून भांडायला येतं, तेव्हा ऐकायचं सगळं आणि शिवायचं आपल्या डोळ्याला पटेल तसं, हा त्यांचा खाक्या. त्यावरच त्यांची गल्लीत पत टिकून होती.

मग काय विचारता. उरलेली चिंध्यांची बोचकी सुटली. कुणाच्या पँटचे पाय, कुणाच्या ब्लँकेटचा काठ, पंचाचा लग्नातला आणि आता पोटावर न बसणारा सूट, सगळं कात्रीखाली गेलं. सूट गेल्याचं पंचाला बरेच दिवस कळलं नाही. अँथुरियमला कॉलर मिळाली. उंच निवडुंगाला टोपीसकट झगा मिळाला, कारण शेंड्याला थंडी आधी लागते असं सुनेनेच सांगितलं होतं. अडेनियमच्या पोटाला मात्र नीट बसेल असा, चुण्या घातलेला, पुढे तीन काजांचा कोट झाला. तो बघायला शेजारचा बेकरीवाला हातातलं काम टाकून आला. माझ्यापेक्षा याचाच बरा बसलाय, म्हणाला. आत्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तुझं पोट आधी एका आकारात राहू दे, म्हणाल्या.

आता चूक कुठे झाली ती सांगायलाच हवी. आत्यांनी सगळ्या कोटांना अस्तर लावलं. पातळ, चकचकीत, नायलॉनसारखं अस्तर, जन्मभर लोकांच्या कोटांना लावून उरलेलं. दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं. सुचलं असतं तरी एवढी मेहनत कुणी घेतली नसती. पण अस्तर नसलेला कोट आत्यांच्या हातून गिऱ्हाइकाकडे गेला नव्हता. शिवणीची आतली बाजू उघडी दिसली की त्यांना भर रस्त्यात परकर दिसल्यासारखं व्हायचं. आतून कोण बघणार आहे, असं पंच म्हणाला तेव्हा त्यांनी त्याला बाहेर काढलं. आतून घालणारा बघतो, म्हणाल्या.

सुनेने कोट बाहेरून बघितले, हात लावून बघितला, चांगले झालेत म्हणाली. सकाळी ती लवकर बाहेर पडे, तेव्हा उतरवायचं काम आत्यांचं. संध्याकाळी दोघी मिळून; सून कुंड्या धरी आणि आत्या कोट चढवत. त्या वेळी त्यांचं एरवी व्हायचं नाही तेवढं बोलणं होई. सून दवाखान्यातल्या आजोबांच्या गमती सांगे, आत्या गल्लीतल्या लोकांच्या कमरेचे घेर. पंच दारात उभा राहून शाळेच्या मुलांना पावसाळी कोट घालायला दोन बाया ठेवल्यात म्हणे. खिडकी आत्यांकडे राहिली होती, झाडं गॅलरीत टवटवीत दिसत होती, आणि आत्या मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होत्या. पाठ चांगलीच थोपटली जात होती, सांगायला हरकत नाही.

मग एका सकाळी त्यांनी अडेनियमच्या कोटाची बटणं सोडली आणि कोट हाताला ओला लागला. बाहेरून कोरडा होता. आतून, अस्तराच्या बाजूने, पाणी धरलं होतं. झाडाचा रात्रभरचा ओलावा बाहेर जायला वाट न मिळाल्याने तिथेच साचला होता. आत्यांनी सवयीने पोटावर अंगठा दाबला. शिंप्याचा अंगठा तो, कापड किती देतं ते त्याला बरोबर कळतं. अंगठा आत गेला.

आत्या तिथेच कुंडीशेजारी खाली बसल्या. पातळ, सैल आणि हवा खेळती, हे सगळं त्यांना सांगितलेलं होतं. चूक ना थंडीची होती, ना सुनेची. चूक चकचकीत आणि सरळ टाक्यांची होती, आणि ती त्यांची होती.

आणि मग त्यांनी काय केलं म्हणाल, तर ब्लेड आणलं. उन्हाला पाठ करून गॅलरीत बसल्या आणि एकेका कोटाचं अस्तर उसवत गेल्या. हात सफाईदार, टाका ओढला की निघतोय. संध्याकाळपर्यंत अस्तराचं बोचकं मशीनखाली दडलं आणि कोट बिनअस्तराचे, उघड्या शिवणींचे, दोरीवर वाळत पडले. कुणाला काही कळणार नव्हतं. बाकीची झाडं जरा डागाळली होती, पण तरली असती. एक अडेनियम गेलं तर थंडीने गेलं, इतकं साधं होतं ते. खिडकी सुटत नव्हती.

संध्याकाळी सून आली, तिने अडेनियमला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. कोटांकडे तिने बघितलंही नाही. ती पंचाला म्हणाली की चूक तिचीच आहे. गेल्या वर्षी डोळ्यांसमोर झाडं गेली, आणि यंदा पुन्हा, माहीत असूनसुद्धा, तिने त्याला थंडीत ठेवलं. झाडं पाळायची तिची लायकीच नाही. यात दोन बाजूच नव्हत्या, त्यामुळे पंचाचं ‘बरोबर आहे’ इथे चालणार नव्हतं.

आत्यांनी ते दारातून ऐकलं. तसं गप्प राहायला काय लागतं? तोंड मिटायचं, झालं. पण जन्मात कधी त्यांनी आपलं फसलेलं काम दुसऱ्याच्या माथी मारलं नव्हतं. ज्याची बाही आखूड झाली त्याला त्यांनी आखूड झाली असंच सांगितलं होतं; तुझा हात वाढला असं कधी म्हटलं नव्हतं. त्या आत गेल्या, मशीनखालचं बोचकं आणलं आणि सुनेच्या पुढ्यात ठेवलं.

‘थंडीने नाही गेलं ते,’ त्या म्हणाल्या. ‘मी अस्तर लावलं होतं. हवा कोंडली. आज उसवलं सगळं आणि तुला सांगणार नव्हते.’

सुनेने अस्तराचा एक तुकडा उचलला, बोटांत चोळला आणि खाली ठेवला. तिला राग आला होता, आणि तो येणारच होता. चाकू घेऊन तिने अडेनियमचा मऊ झालेला भाग कापत कापत पांढऱ्या, घट्ट गरापर्यंत नेला. निम्मं पोट गेलं. उरलेलं तिने कोरड्या फडक्यावर वाळायला ठेवलं. जगलं तर जगेल, एवढंच म्हणाली.

‘उद्या मशीन आत घ्या,’ आत्या म्हणाल्या. ‘झाडं खिडकीत आणा.’

सुनेने हो म्हटलं. तिच्या जागी कुणीही हो म्हटलं असतं.

तर अशी खिडकी गेली. पंचाने मशीन मधल्या खोलीत नेलं, इस्त्रीचं टेबल कोपऱ्यात सरकवलं, मोठा दिवा लावून दिला आणि उजेड किती झकास पडलाय म्हणून दोनदा सांगितलं. खिडकीत फळी टाकून कुंड्या मांडल्या गेल्या. एकदम छान दिसायला लागलं. गल्लीतून जाणारे थांबून बघत. बेकरीवाला नेहमीप्रमाणे ॲप्रनचा तुटलेला पट्टा घेऊन आला, गजांतून आत बघितलं आणि अँथुरियमला विचारलं की बाई कुठे आहेत. अँथुरियमने उत्तर दिलं नाही. तो पट्टा घेऊन तसाच गेला आणि पुढे कित्येक दिवस गाठ मारून वापरत राहिला. असेच बाकीचेही. घराच्या दारावरची बेल वाजवून आत यावं, चप्पल काढावी, मधल्या खोलीपर्यंत जावं आणि मग एक बटण लावायला द्यावं, एवढा समारंभ कोण करणार.

आत्यांनी सुरुवातीला शर्थ केली. दिवा लावून बसत. पण काळ्या कापडावर काळा दोरा दिव्याखाली दिसेना, आणि हळूहळू काळं कापडही यायचं थांबलं. मग त्यांनी मशीनवर खोळ घातली. धूळ बसते म्हणून, म्हणाल्या. सकाळी उशिरा उठू लागल्या. खिडकीतल्या झाडांचं मात्र सगळं नेटाने करत; पानं पुसत, काचेला टेकलेली कुंडी जरा आत घेत, माती कोरडी आहे ना ते बोट घालून बघत आणि पाणी न घालताच परत येत. सुनेने सांगून ठेवलं होतं, हिवाळ्यात खत नाही, पाणी थेंबभर, हलवाहलव नाही. विश्रांतीत आहेत ती, त्यांना नुसतं राहू द्यायचं. आत्या आता एक शब्द इकडचा तिकडे करत नव्हत्या.

‘आत्या आता आराम करते हे फार बरं झालं,’ पंच एकदा चहा पिताना म्हणाला. ‘आयुष्यभर राबली.’

‘हो ना,’ आत्या म्हणाल्या. ‘मलाही आता दोन दिवसांआड पाणी घालत जा, म्हणजे झालं.’

पंच मनापासून हसला. सून हसली नाही; पण तिची घाईची वेळ होती, ती चप्पल घालून निघाली.

आणि मग एका दुपारी दवाखान्यात पाणी आलं नाही म्हणून सून लवकर घरी आली. पुढच्या खोलीत ऊन नुसतं सांडत होतं. ऊन खाऊन अँथुरियमने भर हिवाळ्यात नवं लाल पान काढलं होतं. ते बघून ती खूश झाली, आत्यांना दाखवावं म्हणून तिने हाक मारली. उत्तर आलं नाही. मधल्या खोलीत अंधार होता. तिने दिवा लावला, तर आत्या पाहुण्यांच्या गादीवर, भिंतीला टेकून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. झोपल्या नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या.

‘बरं नाहीये का?’ सुनेने विचारलं.

‘मला काय धाड भरलीय,’ आत्या म्हणाल्या. ‘बसलेय.’

सून गादीच्या कडेला बसली आणि सवयीने तिने त्यांचा हात हातात घेतला. दिवसभर हेच तर करायची ती. एकेक बोट वाकवून बघितलं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, जी आजवर कधी थांबलेली तिने पाहिली नव्हती, ती आखडली होती. पुरती नाही, पण सुरुवात झाली होती. दवाखान्यात असा हात आला असता, तर तिने त्या हाताच्या घरच्यांना उभं-आडवं घेतलं असतं. बसवून कशाला ठेवलंत, काम काढून कशाला घेतलंत, असं विचारलं असतं. या हाताच्या घरची ती स्वतःच होती.

ती उठली. पुढच्या खोलीत कुंड्या सरकवल्याचे आवाज यायला लागले. आत्या उठून दारात आल्या, तेव्हा सून मोठा निवडुंग कवेत घेऊन आपल्या झोपायच्या खोलीकडे निघाली होती आणि काटे टोचत असल्यामुळे मान वाकडी करून चालत होती.

‘अगं, तिथे ऊन येत नाही,’ आत्या म्हणाल्या.

‘सकाळचं येतं जरा.’

‘जरा येऊन काय उपयोग? खिडकीत अँथुरियम किती छान फुटलंय.’

सुनेने निवडुंग खाली ठेवला. तिला दम लागला होता, आणि नुसता दम नव्हता तो. ‘त्याला मी फुटायला लावलं,’ ती म्हणाली. ‘मला हाव सुटली. झाडांना हिवाळ्यात वाढायचं नसतं, आत्या. नुसतं तगायचं असतं, आणि तेवढ्याला सकाळचं ऊन पुरतं. तुम्हाला कुठे नुसतं तगायचंय?’

आत्यांना रडू आलं. त्यांनी ते थांबवायचा बराच प्रयत्न केला, ते काही थांबलं नाही. पदर सापडेना तेव्हा सुनेनेच आपल्या हाताने त्यांचे डोळे पुसले. मातीचा हात असल्यामुळे गालाला माती लागली, आणि मग ती पुसत बसावी लागली.

पंच घरी आला तो थेट झोपायच्या खोलीत जाऊन बिछान्यावर पडायच्या बेताने. पलंग भिंतीला चिकटलेला, उशाशी जेड, पायाशी क्रोटन, आणि त्याची जी बाजू होती तिच्या अगदी कडेला काट्यांचा तो मोठा निवडुंग. झोपेत हा तिकडे कूस बदलणार, हा विचार पहिल्यांदा आत्यांच्याच मनात आला आणि त्या हसल्या. हे असंच राहणार का, असं त्याने विचारलं. हो, दोघी म्हणाल्या. दोघींचं एकच मत पडल्यावर पंचाला काही करता येत नाही, हे त्या दिवशी घरात पहिल्यांदा कळलं.

‘आता उभा काय राहिलास,’ आत्या म्हणाल्या, ‘मशीनचं ते टोक धर.’

मशीन खिडकीत गेलं. खोळ निघाली. आत्या खुर्चीवर बसल्या, चाक हाताने जरा फिरवून बघितलं, कुरकुरतंय म्हणून तेल मागितलं, तेल कमी दिलं म्हणून पंचावर करवादल्या. सून तेवढ्यात बाहेर कुठे गेली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. घराचं दार वाजलं, एवढंच.

आणि मग गजांपलीकडे, गल्लीत, ती येऊन उभी राहिली. इतर गिऱ्हाइकं राहतात तशी, जरा वाकून, आत बघत. अंगातला दवाखान्याचा पांढरा कोट तिने तिथेच काढला आणि गजांतून आत सरकवला.

‘टेलरबाई,’ ती म्हणाली, ‘खिसा उसवलाय. कधी मिळेल?’

आत्यांनी कोट उलटा केला, शिवण बघितली, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. खिसा चांगला एका बाजूने लोंबत होता. आज सकाळपासून तो तसाच असणार, आणि खिडकीत नसल्यामुळे गल्लीच्या तोंडाशी त्यांना तो दिसला नव्हता. गल्लीत दुसरं चिटपाखरू नव्हतं, मशीनवर एकही कपडा नव्हता.

‘परवा ये,’ आत्या म्हणाल्या. ‘सध्या फार गर्दी आहे.’